दोन घरं, एक मूल, एक औषधाची पिशवी: विभक्त पालकांनी मुलाचं आजारपण कसं सांभाळावं

कणकवलीच्या एसटी स्टँडवर दुपारी तीन वाजता मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या अंगात ताप होता. त्याचे बाबा त्याला सोडून गर्दीत दिसेनासे झाले होते. "बाबांनी औषध दिलं का रे?" मी विचारलं. "दिलं मगाशी." सहा वर्षांच्या मुलाचं 'मगाशी' म्हणजे आज सकाळही असते आणि काल रात्रही. मी बाटली काढली आणि सिरप पाजलं. रात्री कळलं की त्यांनीही अडीच वाजता पाजलं होतं, आणि त्यांची बाटली माझ्या बाटलीच्या दुप्पट कडक होती. डॉक्टरांनी फोनवर मिलीलिटर विचारून घेतले, हिशोब केला, रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं. निभावलं.

त्यानंतर मी जी पद्धत बसवली ती इथे लिहिते आहे. ओळखीतल्या विभक्त आयाबापांशी बोलताना दिसतं की चुका साधारण त्याच होतात, आणि बऱ्याचशा क्रम चुकल्याने होतात. आधी भांडण, मग डॉक्टर, मग कागद. खाली क्रम उलटा आहे. मुलाच्या दुसऱ्या पालकाला मी 'समोरचा' म्हणणार आहे. तुमच्या बाबतीत ती 'समोरची' असेल.

एक अपवाद आधीच सांगते. समोरच्याकडून तुम्हाला किंवा मुलाला मारहाणीचा धोका असेल तर आठव्या टप्प्यापासून वाचा.

टप्पा १: शांत दिवशी कागद काढा

मूल ठणठणीत असताना एक दुपार यासाठी द्या.

कोर्टाची ऑर्डर किंवा संमतीच्या अटी काढून आरोग्याबद्दल त्यात नेमकं काय आहे ते बघा. बहुतेकांच्या कागदात ताबा, भेटीचे दिवस आणि पोटगी सविस्तर असते, आणि औषधपाण्यावर 'वैद्यकीय खर्च वडील करतील' अशी एकच ओळ. कुठला खर्च, बिल किती दिवसांत द्यायचं, ऑपरेशन ठरलं तर कुणी कुणाला कधी कळवायचं, काहीच नाही. अटी अजून ठरायच्या असतील तर वकिलांना सांगून चार गोष्टी घालून घ्या:

- दोन्ही पालकांना डॉक्टरांकडून थेट माहिती आणि कागदांच्या प्रती मिळतील.
- तातडीच्या वेळी मूल ज्याच्याजवळ आहे तो निर्णय घेईल आणि तासाभरात दुसऱ्याला कळवेल.
- आधी ठरवून करायच्या उपचारासाठी लेखी कळवायचं, उत्तराला ठरावीक दिवस द्यायचे, आणि उत्तर आलं नाही तर डॉक्टरांचा सल्ला चालेल.
- डॉक्टरांनी लिहिलेलं नेहमीचं औषध दोन्ही घरांत चालू राहील.

अटी आधीच झाल्या असल्या तरी दार बंद नाही. मुलांच्या ताब्याबद्दलची ऑर्डर परिस्थिती बदलल्यावर बदलून मागता येते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये तशी सोय आहे. पालकत्व व पाल्य कायदा, १८९० सगळ्या धर्मांना लागू होतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे जा. बाईला आणि मुलाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

'वडिलांची सही लागेल' हे वाक्य दवाखान्याच्या खिडकीवर अनेक आयांनी ऐकलेलं आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ मध्ये वडिलांचं नाव आधी आहे हे खरं. पण गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच सांगितलं, की वडील प्रत्यक्षात मुलाची जबाबदारी घेत नसतील तर आई त्यांच्या हयातीतही नैसर्गिक पालक असते. खिडकीवर कायदा शिकवत बसू नका. ऑर्डरची झेरॉक्स पुढे करा, तिनेच काम होतं.

आता दुसरा गठ्ठा. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, आभा क्रमांक (सरकारी आरोग्य खात्याचा ओळख क्रमांक) असेल तर तो, विम्याचं कार्ड, रेशनकार्ड. लसीकरणाचं मूळ कार्ड कुणाकडे राहणार यावर महिनाभर भांडलेली माणसं मला माहीत आहेत. रंगीत प्रत काढा, दोन्ही बाजूंचा फोटो दोन्ही फोनमध्ये ठेवा, मूळ कार्ड कुठेही असू दे. रेशनकार्डाचं मात्र नीट बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे तर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा दवाखान्यात बसणारा माणूस, पहिल्यांदा रेशनकार्डच मागतो. मूल राहतं आईकडे गावात आणि नाव वडिलांच्या मुंबईच्या कार्डावर, असं कोकणात पुष्कळ घरांत आहे. नाव हलवायचं ठरवलंत तर ते पावसाळ्याआधी तहसील कार्यालयात जाऊन करा. मूल दाखल झाल्यावर ही धावपळ जमत नाही.

*तपासा:* ऑर्डरची प्रमाणित प्रत घरी, झेरॉक्स पिशवीत, फोटो फोनमध्ये. तिन्ही आहेत?

टप्पा २: डॉक्टर एकच, पालक दोन

मुलाचा मुख्य बालरोगतज्ज्ञ एकच असावा. दुसऱ्या घराजवळ तातडीसाठी दुसरा असू शकतो, पण औषध बदलणं, डोस ठरवणं, तपासण्या सांगणं मुख्य डॉक्टरच करतील.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन मिनिटं मागून घ्या आणि सांगा: "आम्ही वेगळे राहतो. मूल दोन्ही घरी असतं. फाईलवर दोघांचे नंबर लिहा, आणि औषध लिहिताना मात्रा मिलीग्रॅममध्ये लिहा." इतकंच पुरे. समोरचा कसा बेजबाबदार आहे ते तिथे सांगू नका. मी एकदा सांगत बसले होते. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि नंतर मुलाची चौकशी करायला वेळच उरला नाही.

समोरच्याला डॉक्टरांकडून वेगळं बोलावून घेता आलं तर उत्तम. तुमच्या तोंडून गेलेला सल्ला त्याला टोमणा वाटतो, पांढऱ्या कोटातून आलेला वाटत नाही.

दवाखाना कागद देत नसेल तर लेखी अर्ज द्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात.

टप्पा ३: वही आणि पिशवी

सगळ्या पद्धतीचा जीव इथे आहे, म्हणून जरा थांबते.

एक दोनशे पानी वही घ्या. मुलाच्या शाळेची नको, वेगळी. पुठ्ठ्यावर मुलाचं नाव, रक्तगट, वजन आणि ते घेतल्याची तारीख, ॲलर्जी, नेहमीची औषधं, दोन्ही पालकांचे आणि डॉक्टरांचे नंबर. आतल्या पानावर पाच रकाने: तारीख, वेळ, काय झालं, काय दिलं (नाव आणि मिलीग्रॅम), कुणी दिलं. मत लिहायला रकाना ठेवलेलाच नाही, आणि तो मुद्दाम ठेवलेला नाही.

वही एका झिपच्या पिशवीत, पिशवी मुलाच्या सॅकमध्ये. मूल जाईल तिथे ती जाते. पावसाळ्यात आधी प्लास्टिकची पिशवी, मग कापडी. माझी पहिली वही जुलैच्या एका प्रवासात भिजून लगदा झाली.

आता मिलीग्रॅमचा हट्ट का, ते. पॅरासिटामॉल लहान मुलांना साधारण दर किलोला १५ मिलीग्रॅम देतात, दोन डोसांत किमान चार तास, बहुतेक डॉक्टर सहा सांगतात, आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त वेळा नाही. मूल १६ किलोचं असेल तर एका वेळी २४० मिलीग्रॅम. दुकानात याच औषधाच्या वेगवेगळ्या बाटल्या मिळतात. एकीवर लिहिलेलं असतं ५ मिलीमध्ये १२० मिलीग्रॅम, दुसरीवर ५ मिलीमध्ये २५०. पहिलीतून दहा मिली द्यावं लागतं, दुसरीतून पाचलाही थोडं कमी. आता एका घराने दुसऱ्याला 'दहा मिली दे' असा निरोप धाडला आणि त्या घरात दुसरी बाटली असली, की मुलाच्या पोटात ५०० मिलीग्रॅम गेलं. तान्ह्यांचे थेंब तर याहून कडक, एका मिलीत १०० मिलीग्रॅम. 'एक चमचा' हे माप तर वहीत येऊच देऊ नका. आमच्याकडे चहाचा, पोह्यांचा आणि कालवणाचा असे तीन चमचे आहेत. बाटलीबरोबर मिळणारं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

इशारा: दोन्ही घरांत तापाची एकाच कंपनीची, एकाच ताकदीची बाटली ठेवा. समोरचा आणत नसेल तर तुम्हीच दोन आणा. शंभराच्या आतली वस्तू आहे, यावर तत्त्व दाखवू नका.

पिशवीत काय हवं ते मुलाच्या आजारावर ठरेल. प्रत्येक पिशवीत ओआरएस हवंच. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायचं. पेल्यात चिमूट चिमूट घालायचं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. खोक्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नाही. जुलाबाला डॉक्टरांनी झिंक दिलं असेल तर ते १४ दिवसांचं असतं, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. चौथ्या दिवशी मूल दुसऱ्या घरी जातं आणि झिंक पहिल्या घरच्या फ्रीजवर राहतं, हे मी माझ्याच घरात पाहिलंय.

अँटिबायोटिकचं तसंच. पावडरीत पाणी घालून तयार केलेली काही सिरपं फ्रीजमध्ये ठेवावी लागतात आणि सात दिवसांतच संपवायची असतात. रत्नागिरीहून कुडाळपर्यंत ती बाटली न्यायची तर डब्यात बर्फाची पिशवी घालून न्या, आणि वहीत लिहा: 'पाचवा दिवस, सकाळचा डोस झाला, संध्याकाळी ८ चा बाकी'.

माझ्या मुलाला दमा आहे, म्हणून पंपाबद्दल दोन शब्द जास्त. पंप दोन असतात. एक धाप लागली की तातडीने द्यायचा, बहुधा निळा. दुसरा रोजचा, आतली सूज कमी ठेवणारा. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून दुसऱ्या घरात पहिल्यांदा बंद होतो तो हाच. पावसाळ्यात कौलारू घराच्या भिंतींना बुरशी धरते, गोधड्या ओल्या राहतात, आणि नेमका तेव्हा हा पंप फडताळात पडलेला असतो. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, दोन्ही घरांत एकेक ठेवा. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढा, फडक्याने पुसू नका, तसाच वाळू द्या. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा.

पंपाच्या पाठीला आकड्याची खिडकी असेल तर मूल निघताना तो आकडा वहीत लिहा. गणपतीत मुलगा आठ दिवस वडिलांकडे गेला तेव्हा खिडकीत १०४ होते. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे परत येताना ७२ हवे होते. आले ९८. मी फोन उचलला होता, आणि ठेवला. मेसेज केला: 'काउंटर ९८ आहे. १२ तारखेला ११ वाजता डॉक्टरांकडे जातोय. तिथे यायला किंवा फोनवर बोलायला जमेल का?' ते आले. कळलं की आजी पंप काढून ठेवत होती: "तेका सवय लागतली." तिला वाईट चिंतायचं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना खिडकीतला आकडा दाखवला आणि सवय लागत नाही हे समजावलं. मी गप्प बसले, आणि ते मला सगळ्यात जड गेलं.

*तपासा:* वजन गेल्या तीन महिन्यांतलं आहे? दोन्ही घरच्या बाटल्यांवरचे आकडे सारखे? औषधांची मुदत संपलेली नाही?

टप्पा ४: मूल सोपवताना

स्टँड असो, स्टेशन असो, सासरचं अंगण असो, सोपवतानाची दोन मिनिटं वहीची. पान उघडून दाखवायचं, शेवटचा डोस कधी झाला त्यावर बोट ठेवायचं, पिशवी द्यायची. बोलणं नकोसं झालं असेल तर निघण्याआधी त्याच पानाचा फोटो पाठवा आणि समोर फक्त पिशवी द्या. गाडी सुटायच्या घाईत पोटगीचा विषय काढणारे काढतात. "ते नंतर" म्हणून पुढे व्हा.

औषधाबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची असते आणि ती सगळेच विसरतात: मूल कुठे कुठे गेलं होतं. लावणीच्या चिखलात उतरलं होतं का, पुराच्या पाण्यात खेळलं का, पायाला जखम होती का. चार दिवसांनी मुंबईच्या दवाखान्यात ताप घेऊन बसल्यावर डॉक्टर हे विचारतात आणि समोर बसलेल्या पालकाला माहीतच नसतं. लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा, संशय यायला ही एक ओळ पुरते.

कुत्र्याचा चावा किंवा ओरखडा असेल तर ती ओळ लाल पेनाने लिहा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात लस साधारण ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावी कुत्रा चावला, तर पहिले डोस गावात आणि शेवटचा शाळा सुरू झाल्यावर मुंबईत, असं होतं. चारही तारखा वहीत आणि दोन्ही फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, लसीचं कार्ड पिशवीत ठेवा. मधला डोस 'तुझ्या दिवसांत होता' म्हणून चुकवायचा नाही.

इशारा: डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जास्त जपायचे असतात. 'ताप गेला, घेऊन जा' म्हणून त्या दिवशी मुलाला सहा तासांच्या प्रवासाला धाडू नका. पोटात सतत दुखणं, उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मलूल पडणं यांतलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठा. भेटीचा दिवस बदलायचा असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तिचा फोटो पाठवा आणि त्याच मेसेजमध्ये बदली दिवस सुचवा. बदली दिवस न देता रद्द केलेली भेट कोर्टात अडवणूक दिसते.

आणि मुलाकडून निरोप धाडणं आजपासून बंद. "बाबांना सांग मोजे घालायला", "आईला सांग डॉक्टर बदल". मूल निरोप पोचवतं, समोरच्याचा चेहरा बघतं आणि पुढच्या वेळी पोटात दुखत असलं तरी सांगत नाही.

टप्पा ५: मेसेज कसा लिहायचा

चार ओळी: काय झालं, कधीपासून, काय केलं, पुढे काय. मराठीत कर्ता गाळून वाक्य करता येतं, त्याचा फायदा घ्या. मेसेजमध्ये 'तू' आला की पाठोपाठ 'नेहमी' येतं, आणि 'नेहमी'नंतर लग्नापासूनचं सगळं.

मी रात्री दीड वाजता पाठवलेला एक मेसेज असा होता: 'तुला मुलाची काही पडलेली नाही. तुझ्या आईने त्याला पुन्हा आईस्क्रीम दिलं. आता रात्रभर मी जागायचं.' हा पुढे कोर्टात मोठ्याने वाचला गेला. मुलाला तेव्हा १०२ ताप होता हे त्यात कुठेही नव्हतं.

तोच असा हवा होता: 'रात्री ११ पासून ताप १०२. ११.१५ ला पॅरासिटामॉल २४० मिलीग्रॅम दिलं. आता १०० आहे, पाणी पितोय. सकाळी १० ला डॉक्टरांकडे जातोय, झाल्यावर कळवते.'

संमती हवी असेल तर प्रश्न एकच विचारा आणि मुदत द्या: 'डॉक्टरांनी ॲडिनॉइडचं ऑपरेशन सुचवलंय, कागद जोडलाय. १५ तारखेपर्यंत होकार किंवा दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असल्यास कळवावं.' उत्तर आलं नाही तर मुदतीनंतर एकदाच आठवण द्या. सात वेळा नको.

मेसेज एकाच ठिकाणी ठेवा. अर्धं व्हॉट्सॲपवर, अर्धं फोनवर, अर्धं बहिणीमार्फत असं नको. खर्चासाठीही तेच: बिलाचा फोटो, रक्कम, तारीख, एक ओळ. जुना फोन विकण्याआधी वकिलांना विचारा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि नुसते स्क्रीनशॉट पुरतील असं धरून चालू नये.

*तपासा:* पाठवण्याआधी मेसेज न्यायाधीशांसमोर वाचला जातोय अशी कल्पना करा. रात्री दहानंतर तातडीचं सोडून काहीही पाठवू नका.

टप्पा ६: तातडीची वेळ

क्रम पाठ करा: मूल, गाडी, दवाखाना, मग फोन. परवानगीसाठी फोन लावत अंगणात उभं राहायचं नाही. पालकाची संमती घ्यायला वेळ नसेल आणि उपचार मुलाच्या भल्यासाठी, प्रामाणिक हेतूने केला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३० डॉक्टरांना संरक्षण देतं. जवळ असलेल्या एका पालकाची सही तर असतेच.

कोकणात अंतर हा वेगळा शत्रू आहे. दोन्ही घरांसाठी आधीच लिहून ठेवा: रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कुठला, सर्पदंशाची लस कुठे मिळते, मुलांचा अतिदक्षता विभाग कुठे आहे. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं गोव्याला बांबोळीला जातात, चिपळूणकडची डेरवणला, काही जण घाट चढून कोल्हापूरला. जुलैत दरड कोसळून घाट बंद पडतो, तेव्हा दुसरा रस्ता माहीत हवा. रुग्णवाहिकेला १०८. वाडीत रेंज नसेल तर शेजाऱ्याचा किंवा दुकानाचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर हवा, समोरच्याच्या वाडीतलासुद्धा.

साप चावला तर पाय हलवू न देता दवाखाना. आवळून दोरी बांधणं नाही, चिरा देणं नाही. विंचू चावून मुलाला दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणं सुरू झालं तर उतारा घालत बसू नका, त्यावर प्राझोसिनची गोळी असते आणि ती दवाखान्यातच मिळते. फीट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर निघा. पहिल्यांदाच आली असेल तर थांबली तरी दाखवा. हे पान दुसऱ्या घरातल्या आजी-आजोबांनाही वाचून दाखवा, कारण दुपारी दोन वाजता मुलाजवळ तेच असतात.

दवाखान्यात पोचल्यावर एक मेसेज: कुठे आहोत, काय झालं, डॉक्टर काय म्हणाले. समोरचा येऊन वॉर्डात आवाज चढवायला लागला तर "एका वेळी एकच जण आत" ही विनंती नर्सकडून करून घ्या. तुम्ही सांगितलंत तर ते भांडण होतं, सिस्टरनी सांगितलं तर नियम.

टप्पा ७: पटत नसेल तेव्हा

आधी स्वतःशी ठरवा की कशावर भांडायचं. मी तीन कप्पे करते. पहिला: न आवडणारं, पण निरुपद्रवी. कपाळाला अंगारा, दृष्ट काढणं, देवाला नारळ, छातीला कोमट तेल. यावर एक अक्षर बोलू नका. दुसरा: काढे, जडीबुटी, दुसऱ्या पॅथीची औषधं. ती डॉक्टरांना दाखवा, वहीत लिहा, आणि चालू औषध बंद होत नाही एवढं बघा. तिसरा: लिहून दिलेलं औषध बंद करणं, ॲलर्जी 'जिरवण्यासाठी' मुद्दाम कोळंबी किंवा काजू चारणं, दमेकरी मुलाजवळ सिगारेट ओढणं. इथे मागे हटायचं नाही. अंगाऱ्यावर सगळी ताकद खर्च केलीत तर पंपाची वेळ येईपर्यंत तुमचं ऐकणारं कुणी उरत नाही.

तिसऱ्या कप्प्यासाठी पायऱ्या: डॉक्टरांकडून दोन ओळी लेखी, त्या फोटोसकट समोरच्याला, मग दोघांना मान्य अशा तिसऱ्या डॉक्टरांचं मत, मग मध्यस्थी, मग कोर्टात अर्ज. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हा अर्ज दिवाणी किंवा जिल्हा न्यायालयात जातो. अर्जात वहीची पानं जोडा. तारीख, वेळ आणि मिलीग्रॅम असलेल्या बारा ओळी बारा पानी प्रतिज्ञापत्राहून जास्त बोलतात.

लसीकरणाचं सोपं आहे: कार्डावरची पुढची तारीख ज्याच्या दिवसांत येते त्याने लस द्यायची आणि फोटो पाठवायचा. जंताची गोळी शाळेत मिळाली की वहीत लिहा, नाहीतर त्याच आठवड्यात दोन्ही आज्या आपापली देतात.

टप्पा ८: जखम दिसली, संशय आला

मुलं पडतात, खरचटतात. प्रत्येक ओरखड्यावर तक्रार केलीत तर खऱ्या वेळी कुणी विश्वास ठेवणार नाही. पण जखमेचा आकार आणि सांगितलेली गोष्ट जुळत नसेल, मूल एकाएकी तिकडे जायला घाबरत असेल, किंवा नको तिथे दुखत असेल, तर:

१. मुलाला एकदाच, मोकळा प्रश्न विचारा: "हे कसं झालं?" त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. "बाबांनी मारलं ना?" असा प्रश्न कधीही नाही. पुन्हा पुन्हा विचारू नका, मोबाईलवर जबाब चित्रित करू नका.

२. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि मुलाचं वाक्य केसपेपरवर नोंदवून घ्या.

३. चाइल्ड हेल्पलाइन १०९८. जिवाला धोका असेल तर ११२. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायद्याखाली ते कळवणं बंधनकारक आहे, 'घरातली गोष्ट' म्हणून झाकता येत नाही.

४. घरात हिंसाचार असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा.

वकिलांशी बोलल्याशिवाय स्वतःहून भेट बंद करू नका. तातडीचा अर्ज एक-दोन दिवसांतही लावता येतो.

टप्पा ९: वर्षातून दोनदा उजळणी

जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि दिवाळीनंतर. मुलाचं वजन करा, डोस डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या, दोन्ही घरांतल्या बाटल्या आणि मुदती बघा, फोन नंबर बदलले असतील तर पुठ्ठा नवा करा. मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला की त्याला पंप कधी घ्यायचा ते स्वतः ओळखायला शिकवा आणि वहीत त्याची ओळ त्याला लिहू द्या. गेल्या जूनमध्ये माझ्या मुलाने पुठ्ठ्यावरचे १६ किलो खोडून शेजारी २३ लिहिले, आणि खाली बाबांचा नवा नंबर.